कायमची जागा

८ ऑगस्ट १९५३, शनिवार

पोहोचले एकदाची मिराबीत. टुवूंबाहून निघाल्यापासून दोन दिवस आगगाडीत बसून पाठीचं लाकूड झालं, पण उतरल्याबरोबर साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात शिरला आणि मला चक्क हसू फुटलं. छत्तीस वर्षांची घोडी झाले, आणि आज पहिल्यांदा कुणाला विचारून श्वास घ्यायचा नाहीये. निघताना वहिनीने सँडविचचा डबा हातात दिला आणि हवा मानवली नाही तर लगेच परत ये म्हणाली. म्हणाली अशा सुरात, की नाही मानवली तरी येऊ नकोस.

थिएटरची मालकीण मिसेस बोसँको स्वतः ट्रक घेऊन आली होती. साठीची विधवा, पण दंड पैलवानाचे. माझी पेटी एका हाताने उचलून मागे टाकली आणि वाटेत सांगून टाकलं, की आधीची तिकीटवाली लग्न करून गेली, तिच्या आधीचीही लग्न करूनच गेली, तेव्हा माझं काय असेल ते आत्ताच सांगावं. मी म्हटलं, माझ्या बाबतीत निश्चिंत राहा. ती म्हणाली, त्या दोघीही हेच म्हणाल्या होत्या.

थिएटर मला बघताक्षणी आवडलं. वर पत्रा, बाजूला भिंतींच्या जागी लाकडी जाळ्या, आणि आत रांगेने कॅनव्हासच्या खुर्च्या. माणूस बसला की कॅनव्हास झोळीसारखा खाली जातो, उठला की पुन्हा सपाट. पिक्चर दाखवायच्या मशीनच्या खोलीकडे अकरा लाकडी पायऱ्यांचा जिना जातो आणि त्या जिन्याखाली माझी तिकीट खिडकी. कपाटाएवढी जागा, पण माझी. पिक्चर सुरू झाला की मला काम नाही, तेव्हा रोजनिशी इथेच बसून लिहायची असं ठरवलंय. रात्री जेवायला खारवलेलं मांस आणि भोपळ्याचे स्कोन, छोटे गोडसर पाव, होते. मी चार खाल्ले.

११ ऑगस्ट, मंगळवार

आज वही ताब्यात घेतली. या एका वहीवर म्हणे सगळ्या गावाची अब्रू टांगलेली आहे. शनिवारच्या खेळाला इथे ज्याची त्याची जागा ठरलेली. लग्न झालं की दोन खुर्च्या घ्यायच्या, मुलं झाली की शेजारच्या वाढवायच्या आणि मरेपर्यंत दर शनिवारी तिथेच बसायचं. यांना कायमवाले म्हणतात. ई ओळीतले दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडून सहा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, पण खुर्च्या शेजारी आहेत म्हणून दर शनिवारी शेंगदाण्याची एकच पुडी दोघांत फिरते. नावं पेन्सिलने लिहितात, कारण माणसं मरतात, भांडतात, गाव सोडतात. मग खोडरबर.

नियम एकच. वहीत नाव आहे तोवर ती खुर्ची त्याची. तो येवो न येवो, विकायची नाही.

जी-१२ पुढे मिस थोरा निस्बेट असं नाव आहे. १९४४ नंतर ती आल्याची एकही खूण नाही. मी विचारलं, ही बाई गाव सोडून गेली का? मिसेस बोसँको म्हणाली, नाही, वारली. मग खोडू का, असं म्हणत मी रबर उचललं, तर तिने माझं मनगट धरलं.

"वहीत नाव आहे ना? मग जागा तिची. खोडायचं नाही, विकायचं नाही. बाकी तुझं राज्य."

मला वाटलं थट्टा करतेय. मी हसले. ती हसली नाही.

१५ ऑगस्ट, शनिवार

पहिला शनिवार. घामाने भिजले पण एक चूक नाही!

खिडकीचा ड्रॉवर अडकत होता. मशीन चालवणारा ऑपरेटर खाली आला, गुडघ्यावर बसून त्याने मेण लावलं, दोनदा ओढून पाहिलं. क्लॅरी हॅनेबरी त्याचं नाव. चाळिशीचा असेल. लहानपणी ऊस वाहणाऱ्या आगगाडीच्या डब्याखाली पाय सापडला म्हणून लंगडतो. जिना चढताना एक पाऊल जड, एक हलकं. उठताना म्हणाला, "तू आलीस आणि खिडकी कशी उजळली बघ."

उगीच लिहून ठेवतेय. माणूस सभ्य आहे, बस्स.

१९ ऑगस्ट, बुधवार

तोडणीच्या आधी फड पेटवतात, त्याची काळी राख दिवसभर गावावर पडत राहते. जाळ्यांतून आत येते आणि सकाळपर्यंत सगळ्या खुर्च्यांवर बसते. सकाळी मी झाडू-फडकं घेऊन ओळीने पुसत जाते. आज जी ओळीत आले आणि थांबले. अकरावर राख, तेरावर राख. बारा स्वच्छ. जणू आत्ताच कुणी उठून गेलंय.

कुणीतरी ती माझ्याआधी पुसतंय. मिसेस बोसँको तर दहाशिवाय खाली उतरत नाही. किल्ली तिसऱ्या कुणाकडे असेल तर ती क्लॅरीकडे.

२० ऑगस्ट

आजही तसंच.

२२ ऑगस्ट, शनिवार

मी सरळसरळ विचारलं मिसेस बोसँकोला. तिने मटार सोलता सोलता सगळं सांगितलं.

थोरा निस्बेट पोस्टात होती. अकरा वर्षं दर शनिवारी आली. पिक्चर बघायला नव्हे. आली की खुर्चीत उलटी वळून बसायची, पडद्याकडे पाठ, तोंड मागे वर, मशीनच्या खिडकीकडे. दोनशे माणसांची तोंडं पुढे आणि हिचं एकटीचं मागे. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. क्लॅरीसाठी म्हणे सगळं. आणि एका शनिवारी खेळाआधी नेहमीचं राजाचं गीत, म्हणजे राष्ट्रगीत, लागलं, सगळे उठून उभे राहिले, ही उठली नाही. लोक भडकले. युद्धाचे दिवस, कुणाचा मुलगा समुद्रावर तर कुणाचा जंगलात, आणि ही महाराणी बसून! पण भांडण नको म्हणून कुणी काही बोललं नाही. रागाने कुणी तिच्याकडे बघितलंच नाही. पिक्चर संपून झाडायला आत गेले तेव्हा कळलं की ती गीताच्या आधीपासूनच मेलेली होती. उलटी बसलेली, डोळे उघडे. तिने तीन तास त्याच्याकडे बघितलं आणि तो रिळं बदलत राहिला.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. पण मग डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. नऊ वर्षांनी हा माणूस रोज पहाटे येऊन तिची खुर्ची पुसतो? मेलेल्या बाईची? माझ्या खिडकीवर बोटभर राख असते, ती नाही कधी कुणी पुसली.

२९ ऑगस्ट, शनिवार

एक विचित्र गोष्ट. गीताच्या वेळी मी दाराचा पडदा बाजूला करून आत डोकावले. सगळे उभे. सगळ्या खुर्च्यांचे कॅनव्हास वर आलेले, सपाट. एक नाही. जी-१२ खाली गेलेला होता, भरलेल्या झोळीसारखा.

जुना कॅनव्हास असेल. सैल पडतात.

५ सप्टेंबर, शनिवार

आज क्लॅरीने मला पपई आणून दिली. त्याच्या परसातली. अर्धी खाल्ली, अर्धी फडक्याखाली ठेवलीय. बिया धुऊन कागदात बांधल्यात. हसू दे कुणाला हसायचं तर.

धीर करून विचारलं, सकाळी खुर्ची तू पुसतोस का. त्याला कळलंच नाही. कुठली खुर्ची? मी म्हटलं, थोराची. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, नऊ वर्षांत मी जी ओळीत पाऊल टाकलेलं नाही.

खोटारडा. तिचं नाव घेतल्यावर चेहरा कसा झाला ते मी पाहिलंय.

१२ सप्टेंबर, शनिवार

विकली!

नांगर-फाळ विकत फिरणारा एक उपरा माणूस आला. हाउसफुल्ल. तो निघाला होता, आणि माझ्याच तोंडून निघालं, एक आहे, जी-१२. पेन्सिलीने लिहिलेलं नाव रबराने दोन फटक्यांत गेलं. इतकं हलकं वाटलं! मेलेल्यांनी जिवंतांच्या जागा अडवायच्या म्हणजे काय? क्लॅरीलाही जरा डोळे उघडून बघू दे, खिडकीत कोण बसलंय ते.

आत्ता पिक्चर चालू आहे. क्लॅरी वर गेला, एक जड, एक हलकं. आता पुन्हा कुणीतरी चढतंय. दोन्ही पावलं सारखी. बायकी बूट. मिसेस बोसँको तर आत बसलीय—

१३ सप्टेंबर, रविवार

काल तिसऱ्या रिळात फिल्म तुटली. क्लॅरी खाली आला तो पांढराफटक, उजवा हात भाजलेला. मी त्याचा हात मांडीवर घेऊन लोणी लावलं, पट्टी बांधली. सगळा वेळ कुणीतरी मागे उभं होतं म्हणाला. मानेवर श्वास. वळायची हिंमत झाली नाही, न बघता फिल्म लावायला गेला आणि हात दिव्यावर पडला.

मग त्याने वही मागितली, जी-१२ बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तिला जागा दे, एल्मा. जागा असली की ती बसून राहते. नसली की वर येते."

मी त्याच्यासमोर नाव परत लिहिलं. पुसणारं कुणी नव्हतं, हे आता कळलं. राख बसायला ती खुर्ची कधी रिकामीच नसते.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू का, कुणाला वाचायचंय हे, रात्री झोपताना मला त्याचा माझ्या मांडीवरचा हातच आठवत होता.

२६ सप्टेंबर, शनिवार

हात बरा झाला. रोज पट्टी मीच बदलली. शेवटच्या दिवशी मी त्याला विचारलं, तुझं तिच्यावर प्रेम होतं का.

तो म्हणाला, दहा शब्द बोललो नसेन तिच्याशी. एकदा फक्त, पहिल्याच शनिवारी, ती नवीन होती, बावरलेली होती, म्हणून म्हटलं, तुम्ही आलात आणि रांग कशी उजळली बघा. तो म्हणे सगळ्यांनाच असं काहीतरी म्हणतो. माणसाला बरं वाटतं.

बरं वाटतं खरं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

काही लिहावंसं वाटत नाही. दर शनिवारी कॅनव्हास बघते आणि मला त्या बाईचा राग येतो. अकरा वर्षं तिने त्याच्याकडे बघितलं, वर मेल्यावर नऊ. माझे जेमतेम दोन महिने झालेत. ती पुढे आहे. असं वाटणं वेडेपणाचं आहे, कळतं मला.

पपईच्या बिया रुजल्यात.

३१ ऑक्टोबर, शनिवार

सी-४ मध्ये अस्सुंता झानेला बसते. इटालियन ऊसतोड्यांची खाणावळ चालवते, विधवा, पस्तिशीची, कानांत सोन्याच्या बाळ्या. हसते तेव्हा सगळं दाताड दिसतं. आज मध्यंतरात ती बशीवर बशी झाकून काहीतरी घेऊन जिन्यावर चढली. एका दमात अकरा पायऱ्या. वर दोघं हसत होती. माझ्या डोक्यावर, बरोब्बर डोक्यावर.

ऑपरेटर भुकेला असेल, दिलं असेल चार घास. त्यात काय.

७ नोव्हेंबर, शनिवार

आजही बशी.

१४ नोव्हेंबर, शनिवार

गाळप संपत आलं. हंगाम संपला की इथे दरवर्षी एकच जुना पिक्चर लावतात, शिवणवालीचा. मिसेस बोसँकोच्या नवऱ्याने तीस साली ती फिल्म विकत घेतली होती. एक गरीब शिवणवाली एका आरमारी अधिकाऱ्यावर जीव टाकते. त्याचा कोट शिवताना अस्तरात स्वतःचा एक एक केस टाके घालून शिवते. तो तोच कोट घालून दुसरीशी लग्न करतो आणि चर्चच्या दारात हिला बक्षिसी देतो, नावही न विचारता. आडदांड ऊसतोडे हुंदके देऊन रडतात म्हणे. फिल्म जुन्या जातीची, कापराचा वास येतो आणि पेटते पण कापरासारखीच, म्हणून क्लॅरी ती एकटा हाताळतो.

तो आज खिडकीशी आला. केस नीट विंचरलेले. म्हणाला, एल्मा, तुला म्हणून पहिल्यांदा सांगतो, येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी मी आणि अस्सुंता लग्न करतोय. तिचे लोक आणि माझे लोक दोघंही बोंब मारणार, म्हणून गुपचूप. मी अभिनंदन म्हटलं. हातही मिळवला.

मग म्हणाला, पुढच्या शनिवारी तिला मधोमध बसायचंय. पुढून मान वळवली तर खांब आड येतो. मशीनच्या खिडकीतला मी तिथून तिला दिसायला हवा. बघ काहीतरी, तू बघशील तर होईल.

मी बघते म्हटलं.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सगळी वही चाळली. मधोमध एकही रिकामी नाही. एक सोडून.

पपईची रोपं उपटून टाकली.

२१ नोव्हेंबर, शनिवार, साडेसात

नाव खोडलं. रबराचा चुरा फुंकून टाकला. तिथे मिसेस झानेला लिहिलं. अस्सुंताने तिकीट घेताना माझा गाल धरला आणि मला म्हणाली, "तू फार चांगली आहेस गं." तिच्या हाताला लसणीचा वास होता.

क्लॅरीने नंबर विचारला नाही. मी सांगितला नाही.

थोरा तिला घाबरवेल. बस्स, एवढंच. मानेवर एक श्वास, आणि ही खाणावळवाली किंचाळत बाहेर पळेल, उभ्या गावासमोर. एवढंच हवंय मला.

आठ वाजले

गीत झालं. सगळे उठले, अस्सुंताही उठली. एकूण एक कॅनव्हास सपाट. म्हणजे ती आत नाही.

नसली की वर येते. त्याने सांगितलं होतं. मला माहीत होतं. नाही, माहीत नव्हतं. माहीत होतं—

साडेनऊ

पावलं. दोन्ही सारखी. पहिली पायरी. दुसरी. सावकाश, घाई नाही तिला. पेन्सिल माझ्या हातात आहे. वही समोर उघडी आहे. नाव परत लिहिलं की ती खाली येईल. पाच. सहा. आतून अस्सुंताचं हसू ऐकू येतंय, मागे वळून हात हलवत असेल त्याला. आठ. लिहिते. आधी तिचं हसणं थांबू दे, मग लिहिते— दहा—

कापराचा वास

२४ नोव्हेंबर, मंगळवार

मशीनची खोली पत्र्याने मढवलेली होती आणि खिडक्यांवरच्या आगीच्या लोखंडी झडपा आपोआप खाली पडल्या, म्हणून थिएटर वाचलं. लोक वाचले. दाराला कडी नव्हती. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. तो बाहेर का आला नाही ते कुणाला कळत नाही.

सोमवारी, लग्नाच्या दिवशी, पुरला. अस्सुंता शेवटपर्यंत रडली नाही. मी इतकी रडले की मिसेस बोसँकोने मला धरून नेलं. लोक म्हणाले, केवढं कोवळं मन.

जी-१२ वर थोराचं नाव लिहिलं. आता.

२८ नोव्हेंबर, शनिवार

खोली पुन्हा बांधतायत. शहरातून नवा ऑपरेटर येतोय, नवी मशीनं येतायत. पुढच्या शनिवारी खेळ.

अस्सुंता आली होती, काळ्या कपड्यांत. बाळ्या काढलेल्या. म्हणाली, सी-४ माझी राहू दे, आणि शेजारची सी-५ रिकामी झालीय ना, ती क्लॅरीच्या नावाने लिही. या गावात वहीत नाव असेल त्याला जागा असते म्हणतात, मला ठाऊक आहे खुळेपणा आहे, पण लिही.

मी म्हटलं, हो, लिहिते.

नाही लिहिलं.

४ डिसेंबर, शुक्रवार

आगीची काजळी अजून झडते आहे. आज सगळ्या खुर्च्या पुसल्या. जी-१२ स्वच्छ.

तेरा पण स्वच्छ. तेरावाले आगीनंतर येणार नाही म्हणाले होते, मी नाव खोडलं होतं. कुणाचीच नाही ती जागा. ज्याला कुठेच जागा नाही, त्याने बसावं अशी ती एकच.

५ डिसेंबर, शनिवार

गीत. सगळे उभे. दोन कॅनव्हास खाली.

शेजारी शेजारी. एकमेकांना लागून.

जिंकली ती. वीस वर्षं थांबली, आणि मी तिला तो ताटात वाढून दिला. माझ्या हाताने. मला भीती वाटायला हवी, नाही का? सबंध पिक्चरभर पडद्याच्या फटीतून बघत उभी राहिले. दोन रिकाम्या खुर्च्या बघत. नव्या ऑपरेटरने विचारलं, बाई, बरं आहे ना?

८ डिसेंबर

झोप नाही. जागा नसली की येतात. हे मला आधी कसं सुचलं नाही!

९ डिसेंबर

तेरा विकली. रेल्वेतल्या माणसाला, कायमची. शाईने लिहिलं. आता त्याला बसायला जागा नाही. वर त्याचं काही राहिलेलं नाही. मग येईल कुठे? खिडकीवर. जागा मागायला माणूस खिडकीवरच येतो.

माझ्याकडे यावं लागेल त्याला. एकदा, समोर उभं राहून, माझ्याकडे बघावं लागेल.

निळा झगा इस्त्री केला.

१२ डिसेंबर, शनिवार

पिक्चर सुरू झाला. बाहेर कुणी नाही. गीताच्या वेळी बारावरचा कॅनव्हास तेवढा खाली होता, मी बघून आले. ती एकटी आहे. बसू दे.

दार आतून लावून घेतलंय. केस ठीक आहेत.

जिन्यावर पाऊल. एक जड, एक हलकं. उतरतंय.

आला—

उभा आहे. खिडकीच्या उजेडात हात तेवढे दिसतात. काळे. वर नाही बघायचं. बघितलं. मी म्हटलं, क्लॅरी, मी एल्मा. तो बघतोय, पण माझ्यातून, मागच्या भिंतीवर जागांचा नकाशा आहे तिकडे. जशी मी कुणी परकी खिडकीवाली. म्हणतो,

"बाई, अस्सुंताच्या शेजारी एक द्या."

मी म्हटलं, मी एल्मा आहे. मी पट्टी बांधली होती. पपई—

"अस्सुंताच्या शेजारी एक द्या."

कापराचा वास. ड्रॉवर गरम लागतोय. दाराची कडी धरवत नाही, हात पोळला. सी-५ रिकामी आहे. वही उघडी आहे. नुसतं नाव लिहायचंय, क्लॅरी हॅनेबरी, तो जाईल, तिच्याजवळ जाऊन बसेल, आणि मी

पेन्सिल हातात आहे

कागदाची कड तांबूस व्हायला लागली. पुन्हा तेच म्हणतोय. तेच नाव. एकदा माझं घे, एकदा, मग लिहिते— नाही घेत— तिचंच—

नाही लिहिणार. जळू दे. तिच्या शेजारी नाही, मी नाही लि